आधी भाडेपट्टा वाच

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या होल्कमच्या बागेतला तो उंच स्मारकखांब, टोकाला दगडी गव्हाची पेंढी, चार कोपऱ्यांवर बैल, मेंढरं, नांगर आणि पेरणीचं यंत्र. 'काका, तोफा असाव्यात तिथे मेंढरं आहेत,' असं लिहिलंस, ते वाचून हसलो. तुझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाला ज्याचा तो खांब, तो होल्कमचा जमीनदार थॉमस कुक हाच माणूस दिलाय आणि दोन चरित्रं वाचून तुला दोन वेगळीच माणसं भेटलीत, म्हणून धास्तावली आहेस. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. पण पस्तीस वर्षं सातबारे, फेरफार आणि खंडाचे कागद वाचण्यात गेली. जमीनवाल्यांच्या गोष्टी कुठे फुगतात ते थोडंफार कळतं, म्हणून लिहितो.

एक बारीकशी सूचना आधी. आडनाव कागदावर पाहून आपण 'कोक' वाचतो, तिकडे 'कुक' म्हणतात. व्हायव्हाला चुकू नकोस.

चरित्राचा सांगाडा तुला पाठ असेलच. जन्म 1754 चा. वडील वारल्यावर 1776 मध्ये इस्टेट हातात आली, सुमारे 30,000 एकर. त्याच वर्षी, बाविसाव्या वर्षी, नॉरफकचा खासदार. मधली काही वर्षं सोडली तर 1832 पर्यंत तो संसदेत होता, व्हिग या उदारमतवादी पक्षाचा, त्या पक्षाचा पुढारी फॉक्स याचा मित्र, अमेरिकेवरच्या युद्धाचा विरोधक. मंत्रिपद कधी घेतलं नाही. 1837 मध्ये अर्ल हा सरदारकीचा किताब मिळाला, 1842 मध्ये गेला. पहिली बायको गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, सदुसष्टाव्या वर्षी, त्याने अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि वर्षाच्या आत वारस जन्मला. चरित्रकारांना हे प्रकरण फार आवडतं. तू एका ओळीत उरक.

खरी गंमत शेतीत आहे. जुनी गोष्ट अशी सांगतात: ब्रेट नावाच्या खंडकऱ्याला एकरी तीन शिलिंग खंड होता, कुकने पाच मागितले, ब्रेट म्हणाला परवडत नाही, मग कुकने ती जमीन स्वतः कसायला घेतली आणि ओसाड वाळूत सोनं पिकवलं. पुढे म्हणे इस्टेटीचं उत्पन्न 2,200 पौंडांवरून 20,000 वर गेलं, आणि तो येण्याआधी त्या भागात गहू कोणी पाहिलाच नव्हता. पोरी, असला आकडा दिसला की मी पहिल्यांदा विचारतो, सांगणारा कोणाच्या पंगतीला बसला होता?

कुक दरवर्षी होल्कमला मेंढरांच्या लोकरकातरणीचा मेळावा भरवायचा. 1821 पर्यंत तो चालला. नाव कातरणीचं, पण प्रकार कृषिप्रदर्शनाचा. दिवसा शेतं दाखवायची, जनावरं दाखवायची, बक्षिसं द्यायची, मग शेकड्यांनी पानं उठायची. 1819 मध्ये अमेरिकेचे ब्रिटनमधले राजदूत रिचर्ड रश यांनीही हा थाट पाहिला. नॉरफकातल्याच नॉरिच शहरचे डॉक्टर एडवर्ड रिग्बी यांनी तर होल्कमच्या शेतीवर कौतुकाची पुस्तिकाच लिहिली. मग 1908 साली चरित्र आलं, ते त्याच्याच पणतीने लिहिलेलं. एवढ्या जेवणावळी आणि घरचं माणूस लिहिणारं, तर आकडा थोडा तरी फुगणारच.

1975 साली पार्कर या इतिहासकाराने इस्टेटीच्या हिशेबवह्या उघडून बसून काढलं ते वेगळं. 1776 ला वसूल 12,000 पौंडांच्या आसपास होता, 1816 ला 25,000 च्या थोडा वर. म्हणजे दुपटीहून थोडं जास्त, आणि तेही फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे धान्याचे भाव चढले होते त्या काळात. गहू तिथे आधीही होता. सलगम, जव, क्लोव्हर हा चारा, गहू असा चार पिकांचा फेरही त्याच्या आधीपासून नॉरफकात होता. सलगम खायला मेंढरं रानातच बसवायची, त्यांच्या लेंड्यामुताने हलकी जमीन धरते. आपल्याकडे धनगराला शेतात मेंढरं बसवायला बोलावतात ना, तेच. आणि त्या खांबावरचं पेरणीचं यंत्र पाहून तुला आजोबांची पाभर आठवली असेल तर ते बरोबरच आहे.

मग या माणसात काही नव्हतंच का? होतं. पण ते नांगरापाशी शोधू नकोस, कागदात शोध. होल्कमची कुळं एकवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर होती. जमीन कशी करायची याच्या अटी त्यात लिहिलेल्या असत, पिकं कोणत्या क्रमाने घ्यायची वगैरे. हेही त्याने शोधलेलं नाही, आधीच्या पिढीपासून चालत आलेलं. त्याने ते टिकवलं आणि वाढवलं. एकवीस वर्षं म्हणजे काय, ते नोकरीत मी उलट्या बाजूने पाहिलंय. कूळ कायद्यानंतर जमिनीला कुळाचं नाव लागेल या धास्तीने मालक एका वर्षाच्या तोंडी बोलीवर रान द्यायचे. असल्या रानाला कोण शेणखत घालील? बांध फुटला तर तसाच राहायचा, दोन्हीकडून. नॉरफकच्या वाळूत शेकडो गाड्या चुनखडीची माती ओढून टाकायची तर टाकणाऱ्याला पुढची दहा-पंधरा वर्षं दिसायला हवीत. कुकच्या कुळाला ती दिसत होती. त्याच्या मोठेपणाचा भाग माझ्या मते एवढाच आणि तो लहान नाही.

तुझी मार्गदर्शक विचारेल, मग राजकारणाचं काय? तिथे 1806 ची निवडणूक बघ. कुक आणि त्याच्या जोडीने उभा राहिलेला विंडहॅम निवडून आले, पण मतदारांना खाऊपिऊ घातल्याच्या तक्रारीवरून पुढच्या वर्षी ती निवडणूकच रद्द झाली. मतदान उघड असायचं, गुप्त मतदान आलं 1872 मध्ये. जमीनदाराचा कल सगळ्या परगण्याला ठाऊक असताना माणूस मत कसं देत असेल याचा विचार कर. संसदेत सुधारणा मागणारा हाच माणूस आणि परगण्यात पंगती उठवणाराही हाच. दोन्ही लिही. मधला पूल बांधायच्या भानगडीत पडू नकोस.

आणि एक फट आहे, ती तुझ्याच पत्रात होती: दोन्ही चरित्रांत मजूर कुठे दिसत नाही. भाडेपट्टा मोठ्या खंडकऱ्याला मिळत होता. त्याच्या रानात सलगम खुरपणाऱ्याला एकवीस वर्षं तर सोड, एकवीस आठवड्यांचीही हमी नव्हती. 1815 मध्ये परदेशी गहू अडवणाऱ्या कायद्याचा राग होता, तेव्हा नॉरिचमध्ये जमावाने कुकवर दगड फेकले. पुढच्या वर्षी त्याच परगण्यातल्या डाउनहॅम मार्केटला मजूर उठले. 1830 मध्ये मळणीयंत्रं फोडली गेली. खांबासाठी वर्गणी काढली ती कुळांनी आणि मित्रमंडळींनी. मजुराची बाजू त्या वर्गणीच्या यादीत सापडणार नाही. कोर्टाच्या आणि चर्चच्या गरीबनिधीच्या कागदांत शोधावी लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण नॉरिचला राहतेस, अभिलेखागार हाताशी आहे.

1816 पासून इस्टेटीचा कारभारी होता फ्रान्सिस ब्लेकी, स्कॉटलंडचा. त्याची पत्रं आणि टिपणं मिळाली तर मालकाच्या भाषणांआधी ती वाच. मालक मेळाव्यात बोलतो तेव्हा ऐकणारे समोर बसलेले असतात, कारभारी लिहितो तेव्हा कोणाचा खंड थकलाय तेच लिहितो.

आता एक काम. तू फोटो वरचे काढलेस. परत होल्कमला जाशील तेव्हा चौथऱ्यावरची कोरीव चित्रं बघ. एकात कातरणी आहे, एकात शेताला पाणी देणं आणि एकात भाडेपट्टा देण्याचा प्रसंग. त्याचा नीट, जवळून फोटो पाठव. कागद कोणाच्या हातात आहे आणि घेणारा उभा आहे की बसलाय, एवढं मला बघायचंय.

थंडी वाढली असेल. कानटोपी घालत जा.

तुझा,
काका