मीटिंग घराजवळची नको, वाटेतली बघा

प्रश्न: ताई, मी भांडुपला राहतो, वय ४२, कामाला अंधेरी एमआयडीसीत. सुटलो की मेट्रोने घाटकोपर, आणि तिथे उतरलं की पाय परमिट रूमकडेच वळतात, घरी पोचेपर्यंत दहा वाजतात. कंपनीतले एक सिनियर म्हणाले एएच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला जा. पण मीटिंग चर्चच्या शाळेत असते म्हणे, आमची आई माळकरी, तिथे धर्माचं काही असतं का? सगळ्यांसमोर बोलावं लागतं का, फी किती, आणि चाळीतलं कोणी भेटलं तर? बायको म्हणते मी पण येते. मध्ये मी स्वतःहून बंद केली होती पण सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, म्हणून परत घ्यावी लागते.
– एक वाचक

उत्तर: दादा, तुम्ही शेवटी जे जाता जाता लिहिलंय ना, हात थरथरतात ते, आधी त्याचं बोलू. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस बरळायला लागतो, नसलेलं दिसायला लागतं, आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर जिवावरही बेततं. म्हणून उद्यापासून बंद असं ठरवून घरात पडून राहू नका, प्लीज. सायन, केईएम, नायर, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा, एक क्वार्टर असेल तर एक, तीन असतील तर तीन, कारण गोळ्या किती द्यायच्या, अ‍ॅडमिट करायचं का, हे त्यावर ठरतं. हे करता करता मीटिंगला जाता येतं, एकासाठी दुसरं थांबवायची गरज नाही.

आता मीटिंग. लोक घराजवळची शोधतात आणि मग ओळखीचं भेटेल म्हणून जातच नाहीत. तुमचा धोक्याचा टाइम कुठला, घाटकोपरला उतरल्यापासून पुढचे दोन-तीन तास, बरोबर? मग त्याच वेळेची, त्याच वाटेवरची मीटिंग बघा. अंधेरी, घाटकोपर, नाहीतर वाट थोडी वाकडी करून कुर्ला, मुलुंड, जिथे तुम्हाला संध्याकाळची वेळ जुळेल तिथे. ऑफिस सुटल्यावर सरळ मीटिंग आणि तिथून ट्रेन, मधे मोकळा वेळच ठेवायचा नाही. एए इंडियाच्या वेबसाइटवर मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइन नंबर असतात. निघायच्या आधी एक फोन नक्की करा, कारण जागा बहुतेक शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल असते, सुट्टीत नाहीतर परीक्षेच्या दिवसांत जागा-वेळ बदलू शकते, आणि पहिल्याच दिवशी कुलूप बघून परत फिरलेला माणूस पुन्हा येणं अवघड. फोनवर दोन गोष्टी विचारा: मीटिंग मराठी आहे की हिंदी-इंग्लिश, आणि ओपन की क्लोज्ड. ओपनला बायको सोबत येऊ शकते, क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी.

चर्चचं टेन्शन घेऊ नका, खोली स्वस्तात मिळते म्हणून तिथे. एए कुठल्याही धर्माची नाही. देवाचा उल्लेख येतो, शेवटी एक छोटी प्रार्थनाही होते, पण देव कोणता ते तुमचं तुम्ही ठरवायचं, तुमच्या आईचा विठोबा तिथे चालतो आणि देव न मानणारेही येतात. फी नाही. शेवटी पेटी नाहीतर पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो टाकतो, नव्या माणसाने नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी.

बोलायची सक्ती नाही. कोणी विचारलं तर नाव सांगा आणि आज फक्त ऐकतो म्हणा, पुरे. तिथे लेक्चर नसतं, एकेक जण पाच-दहा मिनिटं स्वतःचं सांगतो, बाटली कुठे लपवायचो, पगार कुठे जायचा, पोराच्या शाळेत कसा गेलो होतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात हे सुरू झालं तेच मुळी असं, शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दारूने दोघांचीही वाट लावलेली, एकमेकांशी बोलत बसले. पिणाऱ्याचं पिणाऱ्यालाच कळतं, बायकोने शंभरदा सांगून जे आत जात नाही ते तिथे जातं, हे मला मनापासून वाटतं.

आणि चाळीतलं कोणी भेटलंच तर तोही त्याच कारणाने आलेला असणार. तिथे आडनाव विचारत नाहीत, आत ऐकलेलं बाहेर बोलत नाहीत.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखादा ग्रुप म्हाताऱ्या लोकांचा वाटेल, एखाद्यात सगळे फाडफाड इंग्लिश बोलतील, दुसरा बघा. जुने लोक नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग सांगतात, तुमच्या नोकरीत जमतील तेवढ्या करा पण पहिले काही आठवडे लागोपाठ जा. निघताना दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि परमिट रूमच्या दारात उभे असाल तेव्हा आत जायच्या आधी लावा, रात्रीही उचलतात. घसरलात तरी दुसऱ्या दिवशी मीटिंगला जा, कोणी हाकलत नाही. मीटिंगने भागत नसेल तर राहून उपचार घ्यायची सोय आहे, १९८१ पासून काम करणारं वांद्र्याचं कृपा फाउंडेशन, पुण्याचं मुक्तांगण. सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट आहे.

वहिनींना अल-अ‍ॅनॉनबद्दल सांगा, ती घरच्यांसाठीची वेगळी मीटिंग असते. तुम्ही एएला जा नाहीतर नका जाऊ, त्यांनी जावं. इतकी वर्षं रात्री दहापर्यंत दाराकडे बघत बसलेल्या बाईलाही कोणाशी तरी बोलायचं असतं, आणि ते तुमच्यासमोर नाही बोलता येत.