एक पेनड्राइव्ह, दोन पिढ्यांचे संगणक

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात दिवाणजी आहे. दुकानात २००९ साली घेतलेला, कोअर २ ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी रॅम असलेला संगणक आहे; त्याची हार्डडिस्क बिघडल्याने नवी बसवली. आमच्या नव्या लॅपटॉपवर रुफस हा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम वापरून मी विंडोज ११ चा १६ जीबी पेनड्राइव्ह तयार केला. तो लॅपटॉपवर व्यवस्थित सुरू होतो, मात्र जुन्या संगणकावर काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहते. पेनड्राइव्ह खराब असावा का? दोन्ही यंत्रांना एकच चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लॅपटॉपवर चालणारा पेनड्राइव्ह खराब म्हणता येणार नाही, आपल्या दोन यंत्रांची सुरू होण्याची रीतच वेगळी आहे. जुन्या संगणकातील बायोस, म्हणजे यंत्र चालू होताच प्रथम चालणारा मूळ प्रोग्रॅम, पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत, म्हणजे एमबीआरमध्ये, सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम शोधतो आणि तो सापडला तरच पुढे सरकतो. नव्या लॅपटॉपमधील यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी प्रणाली) मात्र त्या भागातील प्रोग्रॅमकडे न पाहता पेनड्राइव्हवरील ‘ईएफआय’ नावाच्या फोल्डरमधून बूट फाइल उचलते. रुफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ (पेनड्राइव्हची विभागणी) या ठिकाणी आपण जीपीटी ही नवी पद्धत निवडली असणार, आणि तसा पेनड्राइव्ह फक्त यूईएफआयसाठी तयार होतो. तेथे एमबीआर ही जुनी पद्धत निवडल्यास जुन्या बायोसला तो ओळखता येईल.

तरीही जुन्या संगणकावर विंडोज ११ चा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ४ जीबी रॅम या अटी तर आहेतच, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला ‘पॉपकाउंट’ ही सूचना येणे अनिवार्य झाले असून कोअर २ ड्युओला ती येत नाही. त्यामुळे तपासणी चुकवण्याच्या युक्त्या करूनही ती आवृत्ती त्यावर सुरू होणार नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. हिशेबाची आपली प्रणाली विंडोजवरच चालणारी असेल, तर जुन्या यंत्रावर विंडोज १० ठेवून ते इंटरनेटपासून तोडावे आणि केवळ जुन्या वह्या पाहण्यापुरते वापरावे. तशी अट नसेल, तर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबीत कशीबशी का होईना चालते, आणि आणखी २ जीबी रॅम मिळाल्यास बरीच सुसह्य होते.

दोन्ही यंत्रांसाठी एकच पेनड्राइव्ह हवा असल्यास व्हेंटॉय हे मोफत साधन वापरावे. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवले की आयएसओ फाइली (विंडोज किंवा लिनक्सची संपूर्ण प्रत एकाच फाइलीत) नेहमीसारख्या कॉपी करायच्या, आणि संगणक सुरू होताना यादीतून हवी ती निवडायची. त्याची मूळ मांडणी एमबीआरची असून ती बायोस आणि यूईएफआय दोन्हींवर चालते. लॅपटॉपवर सिक्युअर बूट (अनोळखी बूट प्रोग्रॅम रोखणारी सोय) चालू असेल, तर पहिल्या वेळी व्हेंटॉयची किल्ली नोंदवण्याचा निळा पडदा येईल. त्याला घाबरू नये.

विंडोजच्या आयएसओमधील फाइली फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर हाताने कॉपी करण्याचा सल्ला अनेक जण देतात. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही आणि ‘इन्स्टॉल.विम’ ही विंडोजची मुख्य फाइल हल्ली बहुधा त्याहून मोठी असते, त्यामुळे तो उद्योग अर्ध्यावर अडकतो.

जुन्या संगणकावर पेनड्राइव्ह शक्यतो मागच्या, थेट मदरबोर्डवरील पोर्टला लावावा. पुढच्या पोर्टांत यार्डातील हळदीची धूळ किती बसली असेल, हे मी आपल्याला सांगायला नको. पेनड्राइव्ह तयार करताना त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून हिशेबाची प्रत त्यावर असल्यास ती आधी दुसरीकडे काढून ठेवावी.