वेगाची सूचना आणि बाबांचा फोन

मूल अठरा वर्षांचे झाले, परवाना हाती आला आणि घरातील गाडीची किल्ली त्याच्याकडे गेली की पुढच्या काही महिन्यांत पालकांची एक ठरावीक काळजी समुपदेशक म्हणून माझ्यापर्यंत पोहोचते. "गाडी चांगली घेतली आहे, सहा एअरबॅग आहेत, चालकाला मदत करणारी अडास यंत्रणा आहे, तरी तो घरी येईपर्यंत जिवाला चैन नसते. त्याच्यावर लक्ष कसे ठेवायचे तेवढे सांगा." नाशिकमधून सिन्नर, ओझर, इगतपुरीच्या रस्त्याला रोज नोकरी-शिक्षणासाठी लागणाऱ्या तरुण मुलामुलींची संख्या मोठी आहे, आणि ही विनंती मी इतक्या घरांतून ऐकली आहे की तिचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका कुटुंबाची हकिगत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींतले मोजकेच संवाद येथे घेतले आहेत.

मुक्ता बावीस वर्षांची, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होती. वडील अभियंता, आई शाळेत शिक्षिका. मुलीला रोजचा प्रवास करावा लागणार म्हणून वडिलांनी भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीचे तारे तपासून, सर्व सुरक्षा यंत्रणा असलेली महागडी श्रेणी निवडून गाडी घेतली होती. एका संध्याकाळी परतताना मुक्ताची गाडी कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागून घासली. कोणाला इजा झाली नाही, पण बंपर आणि डावा दिवा गेला. वडिलांनी किल्ली काढून घेतली, मुलीने त्यांच्याशी बोलणे सोडले, आणि आई दोघांना घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, हिला गाडी देताना मी काहीही कमी ठेवलेलं नाही," वडील म्हणाले. "समोर काही आलं तर ही गाडी स्वतः ब्रेक मारते, लेन सुटली तर स्टिअरिंगमधून कळवते. तरीही धडक होते, म्हणजे हिचं लक्ष फोनमध्ये होतं, दुसरं काय?" त्यांनी आकडेही आणले होते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयोगटातील होती. हे आकडे खरे आहेत. मात्र ते मुलीला समजावण्यासाठी आणले नव्हते, हरवण्यासाठी आणले होते.

मुक्ता शांतपणे म्हणाली, "फोन माझ्या हातात नव्हता. ब्लूटूथवर होता, आणि धडक झाली तेव्हा तोही बंद झाला होता."

"कोणाशी बोलत होतीस?" मी विचारले. तिने उत्तर दिले नाही. वडिलांनी त्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला आणि तोंड फिरवले.

या कामात येऊन मला बरीच वर्षे झाली. एखादी व्यक्ती साध्या प्रश्नाचे उत्तर टाळते, तेव्हा ती स्वतःलाच वाचवत असते असे मी आता गृहीत धरत नाही. चिंता एकाच माणसाच्या मनात बसून असते, असेही मला वाटत नाही. ती घरात फिरते, आणि ज्याच्या हातून शेवटी काही तुटते त्याच्या नावावर जमा होते. म्हणून मी मुक्ताला पुन्हा विचारले नाही. घरातील संध्याकाळ कशी जाते, एवढेच आईला विचारले.

आई म्हणाली, "ही निघाली की हे मोबाइल घेऊन बसतात. गाडीचं अ‍ॅप आहे ना, त्यात गाडी कुठं आहे ते दिसतं. ऐंशीच्या वर वेग गेला की ह्यांच्या फोनवर सूचना येते. मग हे तिला फोन लावतात. तिनं नाही उचलला तर पुन्हा लावतात, मग मला लावायला सांगतात. ताट वाढलेलं तसंच राहतं."

वडिलांना यात गैर काही वाटत नव्हते. "वेग कमी कर म्हणून सांगायला नको का?"

पुढच्या भेटीला मी वडिलांना अ‍ॅपमधील जुन्या सूचना आणि मुक्ताला आलेल्या कॉलची यादी काढून ठेवायला सांगितले. वडिलांच्या हाती कागद आणि पेन दिले. एका रकान्यात सूचनेची वेळ, दुसऱ्यात त्यांच्या फोनची वेळ. हे काम मी मुद्दाम त्यांच्याकडूनच करून घेतले, कारण तोच क्रम मी सांगितला असता तर वाद झाला असता, आणि अभियंत्याचा स्वतः भरलेल्या तक्त्यावर विश्वास असतो. पहिल्या काही नोंदी त्यांनी भराभर लिहिल्या. नंतर त्यांचा हात मंदावला. जवळजवळ प्रत्येक सूचनेपाठोपाठ मिनिटाभरात फोन होता, म्हणजे मुलगी जेव्हा सर्वांत वेगात होती नेमक्या त्याच वेळी तिच्या गाडीत घंटी वाजत होती. पुढून वेसण ओढायची आणि मागून पराणी टोचायची, असा तो प्रकार होता.

मग अपघाताचा दिवस आला. सहा एक्केचाळीसला वेगाची सूचना, सहा बेचाळीसला वडिलांचा फोन, सहा त्रेचाळीसला अ‍ॅपमध्ये जोरात ब्रेक लागल्याची नोंद.

"पण मी तर फोन ठेवला होता," वडील पुटपुटले.

तेव्हा मुक्ता बोलली. "तुम्ही ठेवला होतात, बाबा. मी नव्हता ठेवला. गाडी पुढं जात होती आणि मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तर देत होते. ट्रॉली समोर होती, मी तिच्याकडं पाहतही होते. पण दिसली उशिरा."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"गाडी मी चालवत होते ना. तुमच्यामुळं झालं असं कसं म्हणू?"

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. ज्या गप्प राहण्याचा वडिलांनी संशयाने अर्थ लावला होता, ते त्यांना दोष लागू नये म्हणून पाळलेले होते. मुलीला जबाबदारीची जाणीव शिकवायला आलेले वडील ती जाणीव समोर पाहत होते. माझ्या मते या कुटुंबाचे काम त्या क्षणी निम्म्याहून अधिक झाले.

मुक्ताचे शेवटचे वाक्य केवळ भावनेचे नाही, त्याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालकाच्या मनावरील ताण वर्षानुवर्षे मोजला आहे. फोनवर बोलणारा चालक समोरच्या वस्तूकडे पाहत असूनही ती टिपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. २०१५ साली गाडीतील आवाजी आज्ञांच्या यंत्रणा तपासताना असेही आढळले की, त्यांतील काहींचा वापर संपल्यावरही चालकाचे मन पूर्णपणे रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे २७ सेकंदांत जवळपास ६०० मीटर. निर्जीव यंत्राला गाणे बदलायला सांगितल्यावर ही स्थिती होत असेल, तर वडिलांचे रागावणे ऐकल्यावर किती वेळ लागत असेल याचा पालकांनीच विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या फोनचा उल्लेख आहे आणि त्यासाठी पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. यावरून तरुणांनी असा समज करून घेतला आहे की हात मोकळे असले की झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्रीमुळे तो फारसा घटत नाही.

येथे एक प्रश्न हमखास येतो: मग शेजारी बसलेल्या माणसाशीही बोलू नये का? अनुभवी, प्रौढ सहप्रवासी रस्ता पाहत असतो, अवघड वळणावर आपसूक गप्प होतो, कधी "अरे, जपून" म्हणतो. फोनवरच्या माणसाला समोरचा ट्रॅक्टर दिसत नाही. समवयस्क मित्रांनी भरलेली गाडी मात्र नवशिक्यासाठी जोखमीचीच असते. न्यूझीलंडने १९८७ मध्येच नव्या चालकांवर रात्रीच्या आणि सोबत्यांच्या मर्यादा घातल्या. आपल्याकडे शिकाऊ परवाना काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि त्यानंतर अशी कोणतीही पायरी नाही, म्हणून ती घरानेच घालून द्यावी लागते. पहिले काही महिने रात्री महामार्ग नको आणि मित्रांची टोळी नको, एवढे किल्ली देण्यापूर्वी ठरवावे. किल्ली दिल्यानंतर घातलेल्या अटी मुलांना शिक्षेसारख्या वाटतात.

गाडीतील यंत्रणांबद्दल पालकांचा भाबडेपणा मला मुलांच्या बेफिकिरीइतकाच चिंताजनक वाटतो. आपल्या बाजारात मिळणारे अडास साहाय्यक आहे, चालकाला पर्याय म्हणून बनवलेले नाही. पुसलेले पट्टे, उलट दिशेने येणारी दुचाकी, मागे लाल रिफ्लेक्टर नसलेली अंधारातील ट्रॉली यांपुढे त्याची मर्यादा उघडी पडते, आणि मुक्ताच्या बाबतीत ते वेळेत मदतीला आले नाही. टचस्क्रीनची गोष्ट तीच. एसीचा ब्लोअर कमी करायलाही पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट लावावे लागत असेल, तर तितका वेळ नजर रस्त्यावर नसते. इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी प्रत्यक्ष बटणे किंवा दांडे असावेत, अशी अट गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातील युरो एनकॅप संस्थेने सर्वोच्च श्रेणीसाठी २०२६ पासून घातली आहे ती उगाच नाही. गाडी घेताना मुलाला शोरूममध्ये चालकाच्या जागी बसवून, पडद्याकडे न पाहता काच साफ करायला आणि ब्लोअर वाढवायला सांगा. जमले नाही तर निदान निघण्यापूर्वी सर्व मांडणी करून ठेवण्याची सवय लावा.

मुक्ताच्या घरी आम्ही जे ठरवले ते साधे होते, पण ते तिघांनी मिळून ठरवले. निघताना आणि पोहोचल्यावर एक संदेश. गाडी चालू असताना घरून फोन नाही. अगदीच निकड असेल तर संदेश पाठवायचा, तो ती पेट्रोल पंपावर थांबल्यावर पाहील. तिच्या फोनमधील ड्रायव्हिंग मोड चालू, म्हणजे इतरांनाही आपोआप उत्तर जाईल. वडिलांनी काही संध्याकाळी तिच्या शेजारी बसून यायचे आणि धोका दिसल्याशिवाय सूचना द्यायची नाही. ही अट त्यांना सर्वांत जड गेली. "मग मी करू काय तेवढा वेळ?" या त्यांच्या प्रश्नावर आई पटकन म्हणाली, "माझ्याशी बोला." पुढच्या काही भेटी त्या दोघांच्याच झाल्या.

अनेक पालक हे ऐकून विचारतात, मग अ‍ॅप काढून टाकायचे का? काढू नये. मी मुक्ताच्या वडिलांना वेगाची तत्काळ सूचना तेवढी बंद करायला सांगितली, आणि धडक झाल्यास येणारी सूचना चालू ठेवायला. वेगाच्या नोंदी दोघांनी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, एकत्र पाहायच्या आणि आधी मुलीने बोलायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मुक्तानेच वडिलांना दाखवले की सिन्नरहून निघताना तिचा वेग नेहमी वाढतो, कारण कामावरून उशिरा सुटल्याची चिडचिड असते. त्यावर तिने निघण्याआधी दहा मिनिटे चहा घेण्याचे ठरवले, आणि वडिलांनी तिच्या येण्याची वेळ दहा मिनिटांनी पुढे धरली.