जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का?

आधी तो सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) बसवलेला आहे की बोर्डावर सोल्डर केलेला (डाग देऊन पक्का जोडलेला), ते बघा. सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पॅकेजच्या रकान्यात ‘बीजीए’ (म्हणजे सोल्डर केलेला) दिसलं तर विषय तिथेच संपला. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत (२०१३-१४) बऱ्याच लॅपटॉपमध्ये सॉकेट असायचं. पाचव्यापासून लॅपटॉपचे प्रोसेसर सोल्डर केलेलेच येऊ लागले. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तरी आशा सोडा.

सॉकेट असलं तरी नवा प्रोसेसर त्याच सॉकेटचा हवा, बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामला) ओळखता यायला हवा आणि ३५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा, म्हणजे जास्त तापणारा, बसवलात तर पंखा बिचारा पुरा पडणार नाही. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) नवी लावावीच लागेल.

खरं सांगू? अजून हार्ड डिस्कच असेल तर प्रोसेसरच्या भानगडीत पडूच नका. तिच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाका, रॅम ८ जीबी करा. फरक त्यानेच जास्त जाणवेल.