कोरगुटाचं बी आणि पेटंटची भीती

प्रश्न : गोव्यात दिवाडी बेटावर आमची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या कोरगुट भाताचं बी एक संशोधक घेऊन गेले. उद्या कुणी पेटंट घेतलं, तर आम्ही पेरायचं नाही का?

उत्तर : ताई, खुशाल पेरा! आपल्या पेटंट कायद्यात बियाण्याला, वाणाला पेटंट नाही. २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क देतो. संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही.

मला खरी काळजी जनुकांची वाटते. त्यांवर आधारलेल्या शोधावर परदेशातही दावा होऊ शकतो. असा दावा करणाऱ्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावंच लागतं, पण बी तुमच्याकडचं असल्याचा पुरावा गावात हवा. पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातली पिकं, झाडं, प्राणी आणि त्यांची माहिती टिपून ठेवतात त्या वहीत, कोरगुट आहे का, आधी बघा. नसेल तर नोंदवायला लावा, आजीकडून बी कसं आलं त्यासकट.