सोल्डरचे गोळे का होतात?

भाऊ, तू लिहिलंस की डिप्लोमाच्या सुट्टीत चोपड्याजवळ घरी असताना एलईडी पळवणारं किट जोडायला घेतलंस. सोल्डरचे, म्हणजे पार्ट बोर्डला जोडणाऱ्या वितळत्या धातूचे, गोळे झाले, दोन ठिकाणी बोर्डवरचं तांबं उखडलं आणि दहापैकी चारच एलईडी लागले. आता महागडं सोल्डरिंग स्टेशन घ्यावं का, असं विचारतोस. आत्ता घेऊ नकोस.

तुझं खरं दुखणं तुझ्याच एका वाक्यात आहे. रात्री जेवल्यावर बसतोस आणि तेव्हा लाइट मंद असते. साधं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तरच 25 वॅटचं असतं. व्होल्टेज 180 वर घसरलं की ते जेमतेम 15 वॅटचं उरतं, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. मग आयर्नची टिप सोल्डर कसंबसं वितळवते, पण पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) आणि पार्टचा पाय तापत नाहीत. आपण दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो, तांब्याला बोर्डशी धरून ठेवणारा चिकट थर तेवढ्यात सैल होतो आणि पट्टी सुटून येते. तेव्हा पूर्ण दाबाची लाइट असेल त्या वेळी, सकाळी लवकर बस. ऊनही चढलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पद्धतीची. आपल्याकडे कल्हईवाला यायचा, घरच्या मोठ्यांना विचार. तो आधी भांडं तापवायचा, मग नवसागर टाकायचा आणि मगच कथील लावायचा. थंड भांड्याला कथील धरत नाही. इथेही तसंच आहे. टिप पॅड आणि पाय या दोघांना एकदम टेकव, एक-दोन सेकंद थांब, मग सोल्डरची तार टिपला न लावता दुसऱ्या बाजूने त्या तापलेल्या जागेला लाव. सोल्डर आपोआप पायाभोवती पसरतं आणि उतरती कड तयार होते. आधी तार काढ, मग आयर्न. सगळं मिळून तीन-चार सेकंद. तू टिपवर थेंब घेऊन तो जॉइंटवर नेतोस, तिथेच चुकतं. तारेच्या पोटात राळ असते, नवसागराचं काम तीच करते. टिपवर नेता नेता ती जळून जाते आणि जॉइंटला नुसता धातू मिळतो.

आयर्न काढल्यावर पार्ट हलू देऊ नकोस. 60/40 ची, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिशाची, तार 183 अंशांना मऊ व्हायला लागते आणि साधारण 190 ला पूर्ण पातळ होते. थंड होताना ती या मधल्या पट्ट्यातून जाते, तेव्हा पाय हलला की जॉइंट मळकट, खरबरीत होतो. 63/37 मिळाली तर तीच घे, ती 183 ला एकदम गोठते. पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या तारेवर खर्च कर.

पत्र्याच्या कामाचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो, नवसागरासारखा) मात्र घेऊ नकोस. सुरुवातीला एका दुकानदाराने मला तोच दिला होता. जॉइंट छान चमकले, मी खूश. एका पावसाळ्यात पायांवर हिरवं चढलं आणि बारीक तारा खाल्ल्या गेल्या. त्यात आम्ल असतं. इलेक्ट्रॉनिक्सला राळेचाच फ्लक्स.

सरावासाठी एलईडी पळवणारं तेच स्वस्त किट एकदम तीन घे, 555 (ठोके देणारी) आणि 4017 (एलईडी ओळीने पेटवणारी) या दोन आयसींचं. जळगावच्या गोलाणी मार्केटला चक्कर मारलीस तर तिथे चौकशी कर. नवनवीन किटं घेतलीस तर दरवेळी नवा नकाशा समजून घेण्यात लक्ष जाईल, हात सुधारणार नाही. एकच किट तिसऱ्यांदा करताना डोकं मोकळं असतं आणि नजर फक्त जॉइंटवर राहते. आधी रेझिस्टर, मग आयसीचे बेस, एलईडी शेवटी. आयसी थेट सोल्डर करू नकोस, बेसमध्ये सर्वात शेवटी बसव. जे सहा एलईडी लागले नाहीत त्यांचे पाय आधी तपास, एखादा उलटा बसला असेल. लांब पाय प्लसचा.

पार्ट काढायचा सराव भंगारातल्या रेडिओच्या बोर्डवर कर. सीएफएल किंवा चार्जरचा बोर्ड घेऊ नकोस. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, माहीत आहे. पण वारा थेट बोर्डवर आला तर टिप थंड पडते. कूलर पाठीमागे नको, बाजूला ठेव, म्हणजे धूरही तोंडापासून दूर जाईल. धूर राळेचा असतो, तोही छातीला वाईटच. शिसं हाताला लागतं, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नकोस. धाकटी भावंडं शेजारी बसत असतील तर तारेचे तुकडे लगेच गोळा कर.

तिन्ही किटं झाली की फोटो पाठव. पुढून एलईडी पेटलेले नकोत, बोर्डची मागची बाजू दाखव, पहिल्या आणि तिसऱ्या किटची शेजारी-शेजारी.