नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे. मुलीला ‘देव सगळं नीट करेल’ असं सांगावं का?

नका सांगू. निदान त्या शब्दांत तरी नको. हे मी देव मानणारी बाई म्हणून सांगतेय, त्यामुळे वाद घालायला आले आहे असं समजू नका.

तुमची नोकरी गेली आहे, वडील दवाखान्यात आहेत आणि नऊ वर्षांची मुलगी रोज झोपताना विचारते, ‘सगळं नीट होईल ना?’ तुमची बायको ‘देव बघून घेईल’ म्हणून तिला थोपटते. तुमच्या तोंडून ते निघत नाही, कारण तुमचाच विश्वास डळमळला आहे. त्यावरून दोघांत धुसफूस सुरू आहे आणि रात्रीची प्रार्थना आता बंदच करावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येते.

आपण मोठी माणसं ‘देव नीट करेल’ म्हणतो तेव्हा त्यात आशा असते, थोडी हतबलता असते आणि विषय संपवायची घाईही असते. मुलाच्या कानाला यातलं काही ऐकू येत नाही. त्याला फक्त शब्द दिलेला ऐकू येतो. शब्द दिला आपण आणि पाळायचा कोणी, तर ज्याच्यावर आपला काडीचाही ताबा नाही त्याने!

माझे सासरे आजारी होते तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. भेटायला आलेल्या कोणीतरी प्रेमाने त्याला सांगून ठेवलं, ‘तू मनापासून मागितलंस ना, की आजोबा घरी येतील.’ तो रोज डोळे घट्ट मिटून मागायचा. एका संध्याकाळी तो सोफ्यावरच झोपला आणि आम्ही त्याला उठवलं नाही. नेमकं दुसऱ्या दिवशी आजोबांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. त्यानंतर पोरगं गप्प झालं. आम्हाला वाटलं, घरातल्या धावपळीने बावरलंय. मग एकदा बुटाची नाडी बांधताना, मान खाली घालूनच त्याने विचारलं, ‘मी झोपलो होतो म्हणून का?’

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांच्या विचार करण्याच्या पद्धतीवर आयुष्यभर काम केलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं मनात आलेल्या गोष्टीचा आणि बाहेर घडलेल्या घटनेचा थेट संबंध जोडतात, हे त्याने दाखवून दिलं. मी चिडलो म्हणून आई आजारी पडली, मी मागितलं नाही म्हणून आजोबा गेले, असा तो हिशोब. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला कार्यकारणभाव बराच कळत असेल. पण घाबरल्यावर मोठी माणसंसुद्धा ‘मी त्या दिवशी गेलो नसतो तर’ करत बसतात, मग तिचं काय घेऊन बसलात. म्हणून देवाच्या नावाने दिलेली हमी मला धोक्याची वाटते. ती फसली तर पोर एक तर देवाला खोटं ठरवेल, नाही तर स्वतःच्या प्रार्थनेला. मला वाटतं, बरीच मुलं दुसरी वाट धरतात, आणि कोणाला सांगतही नाहीत.

प्रार्थनेला औषधाच्या मापाने मोजू नये हे मला आधीपासून वाटायचं, पण एका अभ्यासाने ते पक्कं केलं. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांत, हृदयाची बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर तो केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट होते. तुमच्यासाठी प्रार्थना होईलही किंवा होणारही नाही, असं दोन गटांना सांगितलं होतं. त्यातल्या एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत दोन्हींत जवळपास सारखीच निघाली, ५२ आणि ५१ टक्के. ज्या तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असं सांगितलं होतं, त्यात मात्र ती ५९ टक्के निघाली. तो योगायोगही असू शकेल, असं संशोधकांनीच म्हटलं आहे. यावरून देव नाही हे सिद्ध होत नाही आणि आहे हेही नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की प्रार्थनेचा आणि रिपोर्टचा संबंध मुलांसमोर जोडायचा नाही. माझी श्रद्धा त्याने कमी झाली नाही, उलट तिच्यावरचं एक नको ते ओझं उतरलं.

बरं, मग सांगायचं काय?

इथे मला दुसऱ्या महायुद्धातलं इंग्लंड आठवतं. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीने पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून खेड्यांत हलवलं. त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून अनोळखी घरांत पाठवलेली. पुढचे काही महिने बॉम्ब पडलेच नाहीत, तेव्हा कितीतरी आयांनी आपापली मुलं परतही आणली. लंडनवर खरा मारा सुरू झाला तो सप्टेंबर १९४० मध्ये. त्या काळात सिग्मंड फ्रॉइड यांची मुलगी, मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम लंडनमध्ये युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवत होत्या आणि मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवत होत्या. लहान मुलांना बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासून तुटण्याचा धक्का जास्त बसतो, असं त्यांना दिसलं. आई घाबरलेली असली की मूल घाबरायचं, ती ठीक असली की तेही बऱ्यापैकी ठीक असायचं. म्हणून मुलांना बॉम्बखाली ठेवा असं त्या म्हणत नव्हत्या. सुरक्षित जागी हलवताना ती कशाला मुकतात हेही बघा, एवढंच म्हणणं होतं.

युद्धकाळातल्या त्या आयांना युद्ध कधी संपेल हे ठाऊक नव्हतं. मुलांना तारीख कोणी दिली नव्हती. तुमची मुलगी ‘नीट होईल ना’ विचारते तेव्हा ती भविष्य विचारत नसावी, असा माझा अंदाज आहे. बाबा घरी असतात, पण फोनमध्ये असतात. आई दवाखान्यातून उशिरा येते. दार लावून हळू आवाजात बोलणं चालतं. घरातली माणसं आहेत ना जागेवर, हे ती तपासून बघतेय.

म्हणून तिला खरं सांगा, पण तिच्या पचनी पडेल इतकंच. पगाराचा आणि कर्जाचा आकडा तिला नको. काय बदलणार आणि काय नाही, हे मात्र स्पष्ट हवं. ‘माझं काम बंद झालंय, मी दुसरं शोधतोय. तोवर खर्च जपून करायचा, यंदा सहल नाही. तुझी शाळा तीच, घर हेच.’ (घर हेच राहील याची खात्री नसेल तर ते वाक्य गाळा.) आजोबांबद्दल: ‘डॉक्टर उपचार करतायत. बरे होतील का ते आम्हालाही माहीत नाही. काही कळलं की तुला आम्हीच सांगू, बाहेरून कळणार नाही.’ हे शेवटचं वचन मात्र द्या. ते पाळणं तुमच्या हातात आहे.

तरी ती रोज विचारणारच. येल विद्यापीठातले इलाय लेबोविट्झ चिंताग्रस्त मुलांच्या आईवडिलांबरोबर काम करतात. त्यांचं म्हणणं असं की भेदरलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा खात्री देत राहिलं की भीती घटकाभर निवते आणि पुढच्या वेळी खात्रीचा मोठा डोस लागतो. १२४ मुलांच्या एका चाचणीत त्यांनी एका गटात फक्त आईवडिलांना शिकवलं, मुलांना नाही. आणि दुसऱ्या गटात मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच गुण आला. शिकवलं काय? भीती खरी आहे हे मान्य करायचं आणि मूल ती पेलू शकेल यावर भरवसा दाखवायचा. ‘तुला भीती वाटतेय, कळतंय मला. तू हे निभावशील, आणि मी इथेच आहे.’ बस. आमच्याकडे थोरलीला हे सुरुवातीला अजिबात आवडलं नाही, ‘होईल असं म्हण ना’ म्हणून ती भांडायची. भांडू दिलं. मात्र तुमच्या मुलीची झोप, खाणं, शाळा बरेच आठवडे बिघडलेलीच राहिली तर समुपदेशकाला गाठा. तिथे आईबापाच्या हुशारीवर भागवू नये.

आता तुमची बायको. तिला मुलीसमोर खोडून काढू नका, आणि स्वतः मानत नाही ते मानतोय असं नाटकही करू नका. ‘आईचा देवावर विश्वास आहे, तिला त्याने बळ येतं. मला सध्या नीट कळत नाहीये’ असं मुलीला सांगता येतं. आई एक म्हणते, बाबा दुसरं म्हणतो, याची मुलांना सवय असते. अभ्यास आणि टीव्हीवरून रोज तेच तर चालतं. मुलगी बावरते तुमच्यातल्या त्या अबोल्याने. शिवाय तुमची बायको दवाखाना सांभाळून घरी येते आणि तिच्या हाताशी ते एकच वाक्य उरलं असेल, हेही लक्षात घ्या. तिच्याकडून ते काढून घेण्याआधी दवाखान्याच्या फेऱ्या तुम्ही घ्या, सध्या वेळ तुमच्याकडे जास्त आहे. ‘देव बघून घेईल’च्या जागी ‘देवा, आम्हाला हे सोसायला बळ दे’ चालेल का, हे मग तिला विचारा. माझ्या मते चालेल. मागणं तेच आहे, फक्त निकालाची अट त्यात नाही.

प्रार्थना बंद करू नका. दिवसभरात तुम्ही तिघं एका जागी, हातात फोन न घेता बसता अशी ती बहुधा एकच वेळ असेल, आणि घरात एवढं हललेलं असताना तेवढी पाच मिनिटंही काढून घेतलीत तर मुलगी त्याचा अर्थ आपल्या मनाने लावेल. तुम्हाला शब्द म्हणवत नसतील तर म्हणू नका, नुसते शेजारी बसा. ‘बाबा, तुम्ही का नाही म्हणत?’ असं ती विचारेल. ‘मला आज नुसतं बसावंसं वाटतंय’ म्हणा. आणि मध्येच एखाद्या दिवशी ती देवावर चिडली, ‘मी नाही बोलणार त्याच्याशी’ म्हणाली, तर बायकोला आधीच सांगून ठेवा की दटावायचं नाही.